पेरूची बोडकी बाजू

प्रिय लेका,

पत्र फाडण्याआधी अक्षर बघ. उजव्या हाताचं आहे. अर्धांगाचा झटका आला तेव्हा नेमका तोच हात लुळा पडला, ज्याने तुला मारायचो तो. ऐकून तुला बरं वाटलं असेल, तर त्यात तुझं काही चुकलं नाही. बारा वर्षं तू घरी आला नाहीस. एकदा ये, एवढंच मागतोय. का, ते शेवटी सांगतो.

भिंतीजवळचा पेरू आठवतो? शाळेतल्या कविता अजूनही संध्याकाळ झाली की माझ्या ओठांवर येतात. त्या तुलाही याव्यात, एवढंच मला हवं होतं. एक ओळ चुकली की एक फटका, आणि त्या पेरूची फोक तूच तोडून आणायची. पानं ओरबाडून, नीट सोलून माझ्या हातात द्यायचास. सातवीत एकदा अकरा ओळी विसरलास. चौथ्या फटक्याला बनियन फाटलं, सातव्याला भिंतीवर रक्त उडालं. तुझी आई मध्ये पडली, तिचा दात पडला. तरी मी अकरा पुरे केले आणि मग चहा मागितला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आजोबा, चेंडू दाबून कंटाळलात तर माती मळा. पहिल्या दिवशी डाव्या हाताने खुरपं असं चालवलं, की गांडुळं तुटून वळवळत वर आली. तुझी आई पायरीवरून म्हणाली, ही गांडुळं कुठली कविता विसरली होती? मी खुरपं खाली ठेवलं.

तेव्हापासून सावकाश. गवत उपटता उपटता उजव्या हाताची बोटं उघडली. झोप लागते. डोकं भडकलं की झाडाला आळं करायला घेतो. ते पुरं होईतो राग कुणावर होता तेच आठवत नाही. पेरूची, तुझा हात पोचायचा ती बाजू इतकी वर्षं बोडकी होती. तिथे फुटवा आलाय.

काल सूनबाईचा फोन आला. तुझ्या छोटीचा पाढा चुकला, आणि तू सांगण्याआधीच पोरीने स्वतः खुंटीवरचा पट्टा काढून तुझ्या हातात दिला. कविता राहिल्या बाजूला, माझ्याकडून तुझं एवढंच पाठ झालं. तिला घेऊन ये. मागची जमीन दगडासारखी आहे, तुझ्यासाठी तशीच ठेवलीय. कुदळ घे, हवे तितके घाव घाल. पेरूच्या नव्या फांद्या आता फोकेएवढ्या जाड झाल्यात. एकही तोडलेली नाही.

तुझाच,
बाबा