जिवंत व्यक्तींस प्रवेश नाही

बुकित केंबोजा मळा,
शनिवार

तीर्थरूप मामा यांच्या चरणी कोगिलवाणीचा नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल, मामींच्या गुडघ्याने सेरेंबानच्या जिन्यांशी जुळवून घेतले असेल आणि आपला राग (ज्याविषयी मी वयाने लहान असल्यामुळे काही लिहीत नाही) पूर्वीइतकाच सुदृढ असेल, अशी आशा करते. आपण आमचा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र तेलाच्या टँकरवाल्या मणियमच्या हाती देत आहे. आम्ही सर्व ठीक आहोत. अप्पाही आहेत. (हे वाक्य अपुरे वाटेल, पण ते तेवढेच आहे.)

पत्राचे प्रयोजन एवढेच की, आमच्या आमदारांनी मतदारांसाठी नुकतेच केलेले कार्य आपल्या कानी घालावे. अप्पांची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्यांना सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे शहरात डायलिसिसला न्यावे लागते, हे आपण इतरांकडून ऐकले असेलच. मळ्याची बस बंद झाली, आणि स्वतःच्या व्हॅनमधून त्यांना नेणारा शेजारचा सेल्वम सिंगापूरला कामाला गेला. तेव्हा अम्मा चार बायकांना घेऊन वायबींकडे गेली (आमदारांना येथे सगळे वायबीच म्हणतात, त्यांचे शण्मुगरत्नम हे नाव फक्त मतपत्रिकेवर असते) आणि मळ्यासाठी रुग्णवाहिका मागितली. वायबींनी डोळ्यांत पाणी आणून सर्व ऐकले. मग म्हणाले, "अम्मा, आजारी माणूस क्वालालंपूरच्या सरकारचा. त्याला मी हात लावू शकत नाही. मी पडलो राज्याचा. पण स्मशान राज्याचं आहे, म्हणजे मेलेला माणूस पूर्णपणे माझा!" अम्माला वाटले, हे दुःखाने बोलत आहेत. ते अंदाजपत्रक सांगत होते.

दीपावलीच्या आधी मळ्यात पांढरीशुभ्र गाडी आली. देवळासमोर मंडप घातला, वायबींनी दोरी ओढली, कापड गळून पडले आणि शववाहिका प्रकट झाली. तिच्या दोन्ही बाजूंस वायबींचे हसरे छायाचित्र असून खाली 'सदैव तुमच्या सोबत' असे लिहिले आहे. आमच्या पुजाऱ्यांनी आजवर फक्त लॉऱ्या आणि टॅक्सी पूजल्या आहेत. त्यांनी चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला आणि नेहमीच्या सवयीने खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला, "या गाडीला रोज भाडं मिळो, ही कधी रिकामी उभी न राहो!" सर्वांनी भक्तिभावाने हात जोडले, आणि मग एकेकाचे हात हळूहळू खाली आले. सगळा मंडप वळून अप्पांकडे पाहू लागला. अप्पांनी मात्र जोडलेले हात तसेच ठेवले आणि शेजाऱ्याला विचारले, "पहिल्या गिऱ्हाइकाला शाल देणार आहेत का?"

त्यानंतर वायबींचा साहाय्यक जेगन आमच्या घरी वरचेवर येऊ लागला. (गाडीचा वापर झाल्याचे छायाचित्र कार्यअहवालात लागते, हे मला नंतर कळले.) येताना संत्री आणी, अप्पांच्या नाडीकडे पाही, आणि अप्पा दोसे खाताना दिसले की त्याचा चेहरा पडे. "अजून तीन-तीन खाता?" असे त्याने एकदा खिन्नपणे विचारलेसुद्धा. अप्पा म्हणाले, "जेगा, साहेबांना सांग, घाई करू नका म्हणावं. मी मत देऊनच जाईन."

मात्र ज्या सोमवारी कोणतेच वाहन मिळेना, त्या दिवशी शववाहिकेचे चालक मुत्तय्या अण्णा स्वतःहून दारात आले. गाडी फक्त मृतांसाठी आहे, या नियमाची मी भीतभीत आठवण करून दिली. (मला कोणाशीही बोलताना भीती वाटते, हे आपण जाणताच.) ते म्हणाले, "कागदावर 'देह वाहून नेण्यासाठी' लिहिलंय, पोरी. गार की गरम, ते कुठं लिहिलंय?" अशा रीतीने अप्पा जाऊ लागले. जाताना ते पुढच्या आसनावर बसत. परतताना त्राण नसे, म्हणून मागे पोलादी फळीवर पडून राहत, आणि मी त्यांच्याजवळ नातलगांच्या बाकावर बसून त्यांच्या थंड पायांवर माझी ओढणी घालीत असे. रस्त्यात लॉऱ्या बाजूला होत आणि पोलीस वाट मोकळी करून देत. रुग्णालयाचा पहारेकरी गाडी पाहताच आम्हांला मागच्या फाटकाकडे धाडी, आणि अप्पा शवागाराच्या दारातून आत जाऊन दर वेळी तेथल्या माणसाला सांगत, "आज नाही रे बाबा, आज वरच्या मजल्यावर." एकदा नाक्यावर गाडी थांबली असता चहाच्या टपरीवरचे सर्व जण अदबीने उभे राहिले. ओळखीची माणसे म्हणून अप्पांनी मागून मान उचलली आणि काचेतून हात हलवला. टपरीवाल्याच्या हातातला पेला फुटला, आणि कोणीतरी छायाचित्र काढले.

ते छायाचित्र सर्वत्र फिरले. विरोधकांनी विचारले, 'वायबी आता जिवंत मतदारांनाही स्मशानात पोहोचवू लागले काय?' संतापलेल्या वायबींनी गाडीला कुलूप घातले, किल्ली कार्यालयात ठेवली आणि मुत्तय्या अण्णांना रजेवर पाठवले. आता गाडीच्या मागच्या दारावर, त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली, सूचना चिकटवलेली आहे: 'जिवंत व्यक्तींस प्रवेश नाही'. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहे.

एकंदरीत मळ्याची प्रगती चालू आहे. मामींना नमस्कार सांगावा.

आपली आज्ञाधारक भाची,
कोगिलवाणी

ता. क. काल शुक्रवार होता. अप्पा जाऊ शकले नाहीत. त्यांचे पाय सुजले आहेत आणि आज सकाळी त्यांनी अर्धाच दोसा खाल्ला. परिचारिकाबाईंनी फोनवर सांगितले आहे की, सोमवारही चुकला तर पुढचे त्या सांगू शकत नाहीत. लग्नाच्या पंगतीत अप्पा आपल्याला जे बोलले ते चुकीचेच होते. "या घराची पायरी चढणार नाही" ही आपली शपथ मोडू नये. मी अप्पांना धरून रस्त्यापर्यंत आणीन. आपण फक्त गाडी घेऊन फाटकाशी उभे राहावे.

ता. क. २. पत्र बंद करीत असतानाच जेगन येऊन गेला. या वेळी संत्री नव्हती. त्याने अप्पांचे पाय पाहिले आणि स्वतःचा फोन क्रमांक भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला. तेव्हा मामा, सोमवारी आपणांस येणे जमले नाही, तर अप्पांच्या गाडीची काळजी करू नये. ती सोय झाली आहे. रात्री-अपरात्री केव्हाही, अगदी दारापर्यंत, विनामूल्य.