फोन का उचलला नाही, त्याचं सविस्तर कारण

चि. खारूस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे (गुडघा सोडून, त्याला मी हल्ली धरतच नाही). तूही तशीच असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

मंगळवारी भर दुपारी तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी तो काचेपलीकडून ऐकला. झालं असं, की मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. त्याचा आतला खटका आपोआप बसतो, हे गेली अकरा वर्षं मी आल्यागेल्याला कौतुकाने सांगत आले आहे. अंगात गाऊन, डोक्याला टॉवेल. ओरडावं, तर लोक म्हणणार, अडुसष्टाव्या वर्षी एकटीने राहायचा हट्ट कशाला! (तुझे बाबा तर टपूनच बसलेत.) म्हणून तासभर मी तेच सहा कपडे काढून पुन्हा वाळत घालत राहिले.

समोरच्या गॅलरीत तुझ्याच वयाची एक मुलगी, मांडीवर लॅपटॉप घेऊन घळाघळा रडत होती. मला बघून तिने डोळे पुसले, तिला बघून मी टॉवेल सावरला. शेवटी तीच म्हणाली, "काकू, अडकलात का?"

"छे गं. तू रडतेयस का?"

"छे हो."

मग दोघींनाही हसू फुटलं. तिने किल्लीवाल्याला बोलावलं आणि तो येईपर्यंत साहेबांची बोलणी, उडालेली झोप, सगळं मला गल्लीपलीकडून ओरडून सांगितलं. तीही एकटीच राहते. दोन दिवसांत कुणाशी बोललीच नव्हती. मी काही शहाणपण शिकवलं नाही (डोक्याला टॉवेल असताना ते जमत नाही), नुसतं "हं, मग?" म्हणत राहिले. सुटका झाल्यावर तिला जेवायला बोलावलं. दुसरं ताट शोधायलाच मला पाच मिनिटं लागली.

संध्याकाळी तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "सहज केला होता गं." सहज कुणी तीनदा करतं का? तेव्हा मी विचारलं नाही, त्याची चुटपुट लागली आहे.

तुझी,
आत्या

ता. क. पाकिटात माझ्या घराची किल्ली आहे. एक समोरच्या मुलीला दिली, ही तुला. रडू आलं, तर तुझ्या साहेबांना पोटात दुखतंय म्हणून सांग आणि निघून ये.

आणखी एक ता. क. रडू येण्याची वाट कशाला बघायची? मलाच करमत नाही. शनिवारी ये. येणार नसशील, तर किल्ली परत द्यायला ये.