रविवारच्या गोळ्या

मांडवी, रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दीपक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल. संस्कृतीची परीक्षा जवळ आली, तिला म्हणावं फार जागू नकोस. इकडे कलमांना मोहोर बरा आहे, पण तुडतुडा पडलाय. फोनवर बोलले असते, पण तुझं नाव ऐकलं की अण्णा शेजारी येऊन बसतात. म्हणून पत्र.

मालनला मी गेल्या गुरुवारी कामावरून काढलं. रविवारी तुला म्हटलं ती गावी गेलीय, ते खोटं होतं.

दिवाळीपासून अण्णांचं काहीतरी बिघडत चाललं होतं. कंपवाताच्या गोळ्या दिवसाला चार. सकाळी सातची आणि संध्याकाळी सातची मी देते. अकराची आणि तीनची मालन, कारण तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात असते. डब्यातले कप्पे रोज रिकामे दिसायचे. आणि मी साडेपाचला घरी यावं तर अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खिळून उभे. पाऊलच उचलत नसे. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस शर्टाच्या एका बटणापाशी रडकुंडीला यायचा. डॉक्टर म्हणाले, गोळी वेळेवर पोटात जात असेल तर इतकं व्हायला नको.

ते ऐकल्यापासून माझी नजर बदलली. मालनने मागे एकदा विचारलं होतं, ही गोळी हात कापण्यावरच असते ना? तिची सासू नाटे गावी असते, तिचाही हात कापतो. मला तेवढं पुरलं. मी गोळ्यांवर पेनाने बारीक खुणा केल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून अवचित घरी आले. ती न्हाणीघरात गेली की दाराबाहेर उभी राहायचे. गुरुवारी तिची पिशवी तिच्यासमोर ओटीवर पालथी केली. डबा, कंगवा आणि सासूच्या नावाचा केसपेपर. गोळी एकही नाही. तरी मला वाटलं, आधीच पोचवल्या असणार.

ती रडली नाही की भांडली नाही. वस्तू गोळा करत एवढंच म्हणाली, "मी गोळी त्यांच्या हातावर देते, ताई. म्होरचं त्यांनाच विचारा." मला तो कांगावा वाटला. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

आता रविवारचं. तुझा व्हिडिओ फोन दहाला येतो आणि दर वेळी तू म्हणतोस, अण्णा तर ठणठणीत दिसतात, तू उगाच घाबरवतेस. खरंच, रविवारी ते चांगले असायचे. सोमवारी पुन्हा लाकूड. मला तर तुझाही संशय यायचा, की दिसत असून तू न दिसल्यासारखं करतोस. म्हणून परवा रविवारी सातची गोळी मी दिली नाही. विसरले नाही, दिली नाही. म्हटलं, एकदा तरी बघू दे ह्याला. नऊ वाजता अण्णा भिंत धरून कसेबसे न्हाणीघरात गेले. मी हात दिला नाही, चहा गाळत राहिले.

आणि दहाला ते तुझ्याशी कसे बोलले, तू बघितलंस. हात स्थिर. कशेडीच्या घाटातला किस्सा रंगवून सांगितला.

तू फोन ठेवलास आणि अर्ध्या तासात त्यांची मान, खांदे, हात आपोआप वळवळायला लागले. खुर्चीवरून घसरले, कोपर सोलवटलं. उचलताना खिशातला चष्म्याचा डबा खाली पडून उघडला. आत कागदाच्या पुडीत तीन गोळ्या. तिन्हींवर माझ्या पेनाच्या खुणा.

आठवड्यातल्या चारपाच गोळ्या ते जिभेखाली धरून मागे ठेवायचे आणि रविवारी तुझ्या फोनआधी त्यातल्या काही एकदम घ्यायचे, त्यांनीच कबूल केलं. का, म्हणून विचारलं. तर म्हणाले, "तू रोजच बघतेस गो. तो आठवड्यातनं एकदा बघतो."

मला राग आला, दीपक. अजून आहे. चांगले अण्णा तुला, आणि उंबऱ्यावरचे मला.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मी न दिलेली गोळीही सांगितली. ते वळवळणं एकदम घेतलेल्या गोळ्यांचं, म्हणाले. सोमवारी मुरुगवाड्यात मालनच्या घरी गेले. तिने आत घेतलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. तिला अण्णांचं माहीत होतं का, तेही विचारलं. म्हणाली, शंका होती, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात बोट घालून बघायचं कसं? मग म्हणाली, "येयन मी. पण गोळीला हात नाय लावायची. ती तुमची तुम्ही द्या."

तेव्हा आता अकराला आणि तीनला मी स्कूटरवरून घरी येते. गोळी देते, पाणी देते, आणि मग अण्णांना तोंड उघडायला सांगते. ते डोळे मिटून जीभ वर करतात. मालन तेवढ्यापुरती मागच्या पडवीत जाते.

सातची गोळी मी मुद्दाम दिली नव्हती, हे अण्णांना ठाऊक नाही. ताईला कामाच्या गडबडीत राहिलं असेल, असं ते काल मालनला समजावत होते. मी दाराआड ऐकलं आणि आत गेले नाही.

रविवारचा फोन करू नकोस. कुठल्याही वारी, न कळवता, दुपारी चारच्या सुमारास ये आणि त्यांच्यापाशी बैस. ते जसे असतील तसे.

दोघांनाही फसवू पाहणारी, तुझी
मथुराताई