इलाच्या नावाची ओळ

१५ फेब्रुवारी २०२६, रविवार

भरलं एकदाचं टॅक्स रिटर्न. इलाचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर तीनतीनदा तपासला. वेगळे झालेल्या आईबापांसाठी इथला, अमेरिकेतला नियम सरळ आहे – मूल ज्याच्या घरी जास्त रात्री झोपलं, त्याने ते आपल्यावर अवलंबून म्हणून रिटर्नमध्ये दाखवायचं आणि टॅक्समध्ये सवलत घ्यायची. गेल्या वर्षी सुमंतकडे २११ रात्री, माझ्याकडे १५४. तिची शाळा त्याच्या घराजवळ, म्हणून. त्याने सही करून हक्क सोडला तरच मला दाखवता येते. एक वर्ष त्याने, एक वर्ष मी, असं आमचं ठरलंय. यंदा माझी पाळी. जानेवारीत त्याने फॉर्मवर निमूटपणे सही केली. सुमंत आणि निमूटपणे! तेव्हाच संशय यायला हवा होता.

१६ फेब्रुवारी

रिटर्न परत आलं. म्हणे या मुलीचा नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नमध्ये वापरलाय. कोणी वापरला ते सांगत नाहीत. सांगायला कशाला हवं?

१७ फेब्रुवारी

सकाळी सुमंतला मेसेज टाकला – तोंडावर सही आणि मागून हे? दहा मिनिटांत त्याचा फोन. "शैलजा, मी अजून फाइलच केलं नाहीये यार. माझे पेपर्ससुद्धा उघडले नाहीत." आवाज चढलेला. खोटं बोलताना त्याचा आवाज चढतो. खरं बोलतानाही चढतो. सतरा वर्षं संसार करून मला यातला फरक कळला नाही.

१८ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये दोनदा "सॉरी, म्यूटवर होते" म्हणाले. नव्हते. बुधवार म्हणून इला आली होती. "आई, आर यू मॅड?" रागावले नाही म्हटलं. तिने वरणभात खाल्ला आणि दार लावून अभ्यासाला बसली.

१९ फेब्रुवारी

विनीता म्हणते, बावीसशे डॉलरच्या सवलतीसाठी किती जीव काढशील? मैत्रीण असून तिला कळत नाही. पैसे त्याने खुशाल घ्यावेत. गेल्या महिन्यात मंडळाच्या हळदीकुंकवात एका काकूंनी विचारलं, "मुलगी वडिलांकडे असते? आईकडे नाही?" मी हसले आणि तिळगूळ वाटत राहिले. शाळेच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर त्याचा. डेंटिस्टकडेही त्याचाच. वर्षाआड एका सरकारी कागदावर माझ्या नावाखाली इला येते, पुढे नातं – मुलगी. ती ओळ मला हवी आहे.

आणि भीती वाटते. उद्या कोर्टात जाऊन तो पूर्ण कस्टडी मागेल. बघा, आई तर हिला रिटर्नमध्येसुद्धा दाखवत नाही, असं म्हणेल. सोळा वर्षांची आहे, अजून दोन वर्षं हातात आहेत. तीही जातील.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वकिलाचं पत्र पाठवायचं का, हे विचारायला राजाराम काकांकडे गेले. रिटायर झालेत, पण आमच्या या बॉथेल गावातल्या निम्म्या मराठी लोकांचं टॅक्स तेच बघतात. मी बराच वेळ सुमंतवर बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"इला कुठे काम करते का गं?"

"वीकेंडला, फ्रोझन योगर्टच्या दुकानात."

"मग वकील राहू दे. आधी तिला विचार."

काकूंनी चहा दिला होता, तो तसाच राहिला. सुमंतला काय काय बोलले मी!

२२ फेब्रुवारी

इलाने स्वतःचं रिटर्न भरलंय. दोन आठवड्यांपूर्वी, फोनवरून, पगारातून कापलेले ऐंशी डॉलर परत मिळावेत म्हणून. त्यात एक प्रश्न असतो – तुम्हाला दुसरं कोणी आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवू शकतं का? तिने 'नाही' केलं. म्हणून माझं परत आलं. मी म्हटलं, अगं, चुकून झालं असेल, दुरुस्त करता येतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"चुकून नाही, आई. आय थॉट, 'येस' केलं तर ते पुढे विचारतील – हू? आई की बाबा?"