फिलूबायची होरी आणि आमची हद्द

५ जुलै १९५४, अंधेरी
वेसाव्याची चौपाटी माझ्या गळ्यात पडली. म्युनिसिपालिटीच्या ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं, वाळूवर उभारलेलं सगळं पावसाळ्यात हटवा, मग दिवाळीच्या सुमारास तुम्हाला कायम करायचं बघू. घरी आईला सांगितलं. तिचा चेहरा पडला. "दुसऱ्याचां खोपटां मोडून नोकरी? माका नाय आवडला ता."

६ जुलै
वाळूवरचे मांडव लोकांनी आपणहून काढले. राहिलं फिलूबायचं चहाचं खोपटं. ख्रिस्ती कोळीण, आईच्या वयाची. नवरा पास्कू कंबर धरल्यापासून समुद्रावर जात नाही, घर चहावर चालतं. हे तिने रडत नाही, कपबश्या विसळत सांगितलं. मलाच कसंसं झालं. नियम वाचून दाखवला : वाळूवर काहीही उभारलेलं चालणार नाही, कोळ्यांच्या होड्या सोडून. शेवटचे शब्द तिने पुन्हा वाचायला लावले. चहा छान. आलं भरपूर.

१२ जुलै
खोपटं गेलं! हायसं वाटलं, जवळ जाईपर्यंत. त्याच जागी आता पास्कूची होडी. पावसाळ्यात सगळेच होड्या वर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात, त्यात गैर काही नाही. पण या होडीतून धूर येत होता. आत स्टोव्ह आणि फिलूबाय, काठावर गिऱ्हाइकं.
"यी होरी हाय, सायबा. तूच वाचलंस ना?"
चहा घेतला.

१४ जुलै
साहेबांना रिपोर्ट दिला. साहेब पुण्याचे, समुद्राशी संबंध खारे दाणे खाण्यापुरता. होडीत चहा होत असेल तर ती होडी राहते का, यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत खल. हेडक्लार्क म्हणाले, गाडीत चहा मिळतो म्हणून गाडीला कोणी हॉटेल म्हणत नाही. साहेब तापले. शेवटी निर्णय : नारळी पुनवेनंतर होड्या पाण्यात जातात, तेव्हा ही तरंगली तर होडी, नाही तर बांधकाम. जातीने बघणार म्हणतात.

२ ऑगस्ट
होडी तरंगायची नाही. तळाची फळी कुजलीय, पास्कूने बोट घालून दाखवलं. म्हणजे फि.चा धंदा बुडाला आणि माझी नोकरी पक्की. मग मला झोप का येऊ नये?

९ ऑगस्ट
कोळीवाड्यातली माणसं मदतीला आली. फळी बदलली, फटींत कापूस नि राळ भरताहेत. सहज बघायला गेलो तर कोणीतरी राळेचा डबा माझ्या हातात दिला. धरला. पँटला डाग पडलाय, निघत नाही. ऑफिसात विचारलं तर...

१६ ऑगस्ट
दुपारची भरती. पाद्रीबाबांनी होडीवर पाणी शिंपडलं, फिलूबायने दर्याला नारळही दिला. साहेब म्हणाले, रिकामी तरंगून उपयोग नाही, माणसं घेऊन तरंगली पाहिजे. स्वतःच बूट काढून चढले, मलाही ओढलं. आत स्टोव्ह पेटलेला. वाड्याने ढकललं आणि तरंगली! मी टाळी वाजवणार होतो, हात खिशात घातले.
साहेब मोठ्याने म्हणाले, "ठीक. होडी आहे. लावा किनाऱ्याला."
सुकाणूवरून पास्कू म्हणाला, "आज नाय."
पाद्र्याने आशीर्वाद दिलेली होडी पाण्यात घातली की त्या दिवशी पुन्हा त्याच वाळूवर ओढायची नाही. ओढली तर वर्षभर जाळं रिकामं, म्हणे. साहेबांनी नियम सांगितले, हुकूम दिला, मग विनंती केली. वल्हं मारणारे ऐकूनच घेईनात. खाडी ओलांडून मढला लागलो. साहेबांचे बूट वेसाव्यात.
फि.ने तिथेच चहा टाकला. बघता बघता मढची माणसं जमली. मी हळूच विचारलं, आता हिचं काय करायचं? साहेब दुसरा कप पीत होते.
"ही आपली हद्द नाही, सावंत. चहा घ्या."
खाडी पार करणाऱ्या तरीतून परत आलो. साहेब अनवाणी, पण खुशीत.

२१ ऑगस्ट
होडी मढलाच आहे. फि. सकाळच्या तरीने जाते, मागोमाग वेसाव्याची गिऱ्हाइकंही. आपली वाळू अगदी साफ. साहेबांनी मला कायम करण्याची शिफारस केली. आईने गोड केलं. वाळूवर मात्र आता चहा नाही, ओकंबोकं वाटतं.

२८ ऑगस्ट
साहेबांनी दार लोटून सांगितलं, खाडीपलीकडचा भागही पुढेमागे आपल्याकडे येणार अशी कुजबुज आहे. आला तर तिकडची वाळू तुमच्याकडेच.
संध्याकाळी तडक मढ. फि.ला सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण राहवेना. वाटलं, घाबरेल. तिने कप पुढे सरकवला.
"सायब सगल्या वाड्यासमोर होरी बोललाय ना? मंग आमची होरी आमच्या वेसाव्याच्या वालूवर नेतो."
कधी, म्हणून विचारलं. पास्कू म्हणाला, वारा बघून.
उद्या वेसाव्यात माझी पाहणी आहे. परत येताना तरवाल्याला विचारलं, वारा कुठला आहे. म्हणाला, मढवरून वेसाव्याकडे.