रांजणातला तंबोरा

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले ती शिसारी आली म्हणून! वसंताने नागपूरहून नवा स्पीकर आणलाय. लाकडी पेटी, आरशासारखं पॉलिश, पुढे सोनेरी जाळी. काल संध्याकाळी रेडिओवर तुमचा आवडता राग पूरिया लागला. त्या पेटीतून गवयाला जसं पडसं झालेलं, आणि तबला म्हणजे कोणी गादी झोडपतंय. शी!

शेजारीपाजारी मात्र खूश. बैल विकत घेतल्यासारखे पेटीवरून हात फिरवत होते. "आवाज पार स्टेशनावर जाते! आता आपन बी मुंबई राज्यातले हाओ ना, ताई!" असं म्हणत तुमचा लेक वसंता मिरवत होता. अहो, पूरिया काय स्टेशनावर ऐकायचा असतो?

आठवतं, तुमचा स्पीकर कसा जमला? दिवसभर मिलमधल्या मागांच्या खडखडाटाने तुमचे कान किटायचे. नुसत्या स्पीकरमधून खर्ज येत नाही, तो रांजणाच्या तोंडावर बसवला की येतो, असं तुम्ही कुठूनसं ऐकून आलात. झालं! सायकलवर मला मागे बसवून हिंगणघाटाहून थेट अल्लीपूरच्या कुंभाराकडे. एकेका रांजणाला टिचकी मारायची, कान लावायचा, पुढे जायचं. कुंभार वैतागला. "बाबूजी, पानी भराचं हाय का सोयरीक जमवाची हाय?"

"पानी नाई गा," तुम्ही म्हणालात, "तंबोरा भराचा हाय."

आई किती कुरकुरायची! "ज्वारी ठेवाले रांजन नाई, अन् ह्याईच्या गान्याले हाय." तुमचं लक्षच नसायचं. तुमची परीक्षा एकच. "सुमे, गवई दम घेते तो आयकू आला पायजे. बाकी सारा गोंगाट."

आता जे सांगायचंय ते सांगताना माझीच मला लाज वाटते. दहाव्याला काकांनी सुतकातली म्हणून मातीची भांडी बाहेर काढून फोडायला सांगितली. माठ गेला, दह्याचं गाडगं गेलं. मग काकांचं बोट रांजणाकडे वळलं. "थे बी मातीचंच हाय ना?" वसंताने तारा सोडवल्या, स्पीकर काढला, आणि अंगणात रांजण फोडला. ते काय भांडं होतं, बाबा? त्यात कधी पाण्याचा थेंब तरी पडला होता? मला सगळं कळत होतं. पण पाहुण्यांनी घर भरलेलं, मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. खापऱ्या मीच झाडून काढल्या.

आणि एवढ्यावर भागलं नाही. नागपूरला दुकानात वसंता म्हणाला, "ताई, बाबाचा कान तुह्यापाशी हाय, तूच सांग." दुकानदाराने बँडची रेकॉर्ड लावली. तंबोऱ्याची लावा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या माणसाच्या कोटापुढे माझी जीभच रेटेना. "चांगला आहे," म्हणाले. अक्षरशः असं म्हणाले! पेटीपेक्षा जास्त किळस मला माझी येते.

तुम्हीही काही कमी नाही हं. एवढं ऐकायला शिकवलंत, चार माणसांत तोंड उघडायला का नाही शिकवलंत?

काल सगळे वाहवा करत होते तेव्हा आई चुलीपाशी तूर निवडत होती. तुम्ही गेल्यापासून तिने रेडिओचं नावसुद्धा काढलं नव्हतं. एकाएकी सूप खाली ठेवून ती बाहेर आली.

"बंद कर थे."

"काऊन वो माय? इतका भारी हाय!" वसंता म्हणाला.

"ह्याच्यात कोनी दमच घेऊन नाई राह्यलं."

बाबा, ती ऐकत होती हो! इतकी वर्षं, कुरकुरत, तूर निवडत, सगळं ऐकत होती. तुम्हाला हे ठाऊक होतं का? मला नव्हतं. वसंताने बटण फिरवलं. मग मी तोंड उघडलं, त्या सगळ्यांसमोर. म्हटलं, ही पेटी परत जाईल, आणि ती मी निवडली, चूक माझी आहे. रांजण फोडू दिला तीही माझीच.

तुमचा जुना स्पीकर मी फडक्यात गुंडाळून ठेवलाय. येत्या रविवारी अल्लीपूरला जाते. आई म्हणाली, "मले बी घेऊन चाल. टिचकी मी मारीन." कुंभार कितीही वैतागो, तिने मान हलवल्याशिवाय मी "चांगला आहे" म्हणणार नाही, हा माझा शब्द.

तुमची, दोनदा गप्प बसलेली,
सुमी