दुखवट्यातली पिकअप

१२ एप्रिल, शनिवार

वारा. सकाळी आंबील, दुपारी काही नाही. मेहुणा रा-ओलोरातो गुरांच्या तळावरून आला. एक गाय व्याली म्हणाला.

संध्याकाळी मुलीचा, मासेगोचा गॅबोरोनहून फोन. बोलणं सरळ होतं. तिची आई गेल्या ऑगस्टात गेली, तेव्हा येत्या दोन ऑगस्टला माझ्या बाहीवरची दुखवट्याची काळी पट्टी उतरेल. त्या दिवशी पिकअप मी स्वतः तळावर न्यायची आणि जेवणासाठी बैल घेऊन यायचं. नेली तर गाडी राहील, गुरं राहतील, मीही इथे शोशाँगला राहीन. नाही जमलं तर ती सगळं विकणार आणि मी तिच्याकडे राहायला जायचं. तिसरा मजला. बाल्कनी आहे म्हणाली.

ठीक आहे म्हणालो.

गाडी मासेगोच्या आईची. ती गेल्यापासून दारातच उभी आहे. उद्यापासून देखभाल पद्धतशीर सुरू.

१४ एप्रिल

कालचा दिवस चर्चमध्ये गेला. आज गाडीसोबतचं पुस्तक वाचलं. ऑइल बदला, एअर फिल्टर पाहा, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढा. ज्यांना गाड्यांचा सराव नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. मी जन्मभर पशुरोग नाक्यावर नोकरी केली. प्रत्येक पिकअपची चाकं औषधाच्या पाण्यातून काढली, प्रत्येकीखाली वाकून पाहिलं. माझं निरीक्षण असं की, खालून स्वच्छ ती गाडी निरोगी.

चारही चाकं धुतली. फरक लगेच जाणवला.

१६ एप्रिल

अडचण. रा-ओलोरातो म्हणाला, दुखवट्यातल्या माणसाचं अंग तापलेलं असतं, त्याने गुरांत जायचं नाही, गुरं आजारी पडतात. मी म्हणालो, मी कुठे गुरांत जातोय, मी गाडीत बसतोय. त्याने गाडीच्या मागच्या हौद्यात डोकं घातलं, वास घेतला आणि म्हणाला, हे शेण आहे, म्हणजे हा गोठाच आहे, चाकं लावली म्हणून काय झालं!

चावडीवर दोन म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, गोठा. दुसरा म्हणाला, गाडी. पण हौद्यात वासरू असेल तर गोठा. शेवटी ठरलं की हौदा धुऊन काढायचा.

१७ एप्रिल

साबण, ब्रश, तीन बादल्या पाणी. रा-ओलोरातोने पुन्हा वास घेतला. पास. मात्र तळाच्या रस्त्यावर न्यायची नाही. दारात इंजिन चालू ठेवायला हरकत नाही. एवढंच हवं होतं. डिझेल इंजिन रोज थोडा वेळ चालू ठेवलं की कुरकुरत नाही, हे कुणीही सांगेल.

२२ एप्रिल

रोज सकाळी इंजिन चालू ठेवतो. मी डावीकडच्या सीटवर बसतो. हात लांबवला की किल्ली फिरते, ड्रायव्हरच्या सीटवर जायची गरज पडत नाही. शनिवारी आम्ही तळावर जायचो तेव्हाही मी डावीकडेच असायचो, पेपर वाचत. आजचा पेपर वाचून झाला. इंजिन छान चाललं.

शेजारची म्मा-थातो कुंपणावरून ओरडली, तुझा धूर माझ्या वाळत घातलेल्या पालेभाजीवर बसतोय, ती भाजी खाऊन माझी नातवंडं डिझेलवर चालायला लागतील! दुखवट्यात आवाज चढवायचा नाही, त्यामुळे मी काही बोललो नाही. या नियमाचे फायदे आहेत.

३ मे

टाकी संपली. मोरुलाच्या झाडाखाली डिझेलचं पिंप आहे, मासेगोच्या आईने पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं. झाकणावर पाणी साचलं होतं, ते पुसलं. सगळं डिझेल गाडीत ओतलं. ती नेहमी पिंपाच्या तळाशी दोन बोटं राहू द्यायची आणि नंतर फेकून द्यायची. तिचा हात सढळ होता. मी पिंप आडवं केलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं.

८ मे

समोर पिवळा दिवा लागला. पुस्तकात पाहिलं. पाणी, असं लिहिलंय. बरोबरच आहे, मी रोज धुतो ना. इतकी धुतलेली गाडी पाहायची बनवणाऱ्यांना सवय नसावी. बॉनेट दिवसभर उघडं ठेवलं, ऊन लागावं म्हणून.

१० मे

दिवा चालूच. गाडी पूर्ण कोरडी आहे. म्हणजे दिवाच बिघडलाय.

११ मे

काळ्या कापडाचा एक तुकडा उरला होता, बाहीवरच्या पट्टीतला. तो दिव्यावर चिकटवला. आता डोळ्यांना त्रास नाही. रा-ओलोरातोने पाहिलं. म्हणाला, अरे, गाडीनेपण दुखवटा धरला की काय! आता तिनेही संध्याकाळी घराबाहेर पडायचं नाही. खूप वेळ हसला.

मी नंतर थोडा हसलो, तो गेल्यावर.

२४ मे

एअर फिल्टर. पुस्तक म्हणतं बदला. नवा कशाला? काढला, साबणाच्या पाण्यात बुडवला, खळबळून धुतला, दोरीवर वाळत घातला. पाणी लाल झालं. किती धूळ होती! दोरीवरच्या त्या घड्या पाहून म्मा-थातोने विचारलं, बाजा वाजवायला शिकतोस का? फिल्टर वाळल्यावर जरा मऊ लागला. जुनी वस्तू धुतली की मऊ होतेच.

उद्या ऑइल.

२५ मे

ऑइल नाही. वारा फार.

१ जून

पलीकडच्या आळीत अंत्यविधी. मी दुखवट्यातला, म्हणून सगळ्यांच्या मागे एकटाच बसलो. ऑइल राहिलं.

१४ जून

हिवाळा भरात. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. गाडी चार प्रयत्नांत सुरू झाली. तिला थंडी वाजते हे उघड आहे. कपाटात मासेगोच्या आईची जाड लोकरी शाल होती, तपकिरी. रात्री ती बॉनेटवर घातली, वाऱ्याने उडू नये म्हणून कडा खाली खोचल्या.

१५ जून

म्मा-थातोने शाल पाहिली. म्हणाली, एवढी काळजी बायको जिवंत असताना घेतली असतीस तर... मी बादली उचलून आत गेलो. दुपारी तिने माग्विन्या पाठवल्या, तळलेले पिठाचे गोळे, गरम गरम. चार होत्या. दोन खाल्ल्या.

शाल काढली नाही. इंजिनाला उपयोग होतो.

२८ जून

धूर पांढरा येतो. आधी काळा यायचा. म्हणजे आतून साफ झालं.

५ जुलै

मासेगोचा फोन. महालापेहून मेकॅनिक बोलावते म्हणाली. मी म्हणालो, धडधाकट माणसाला डॉक्टर कशाला? ती म्हणाली, बाबा, गाडी शेवटची फाटकाबाहेर कधी गेली होती? मी म्हणालो, दुखवट्यात तळावर न्यायची नसते. ती म्हणाली, तळावर नाही हो, दुकानापर्यंत तरी? मग म्हणाली, मामाला फोन द्या. रा-ओलोरातो घरी नव्हता.

प्रश्न योग्य होता. पण दुकानात चालत जाता येतं.

१९ जुलै

इंजिन मधूनच खोकतं. या थंडीत मीही खोकतो. दोघांनाही काही झालेलं नाही.

ऑइल ऑगस्टच्या कार्यक्रमानंतरच बदलावं, म्हणजे नवं ऑइल लगेच खराब होणार नाही.

३१ जुलै

पूर्वतयारी पूर्ण. चाकं, हौदा, आरसे, काचा, नंबरप्लेट. खाली आडवा होऊन पाहिलं, मातीचा कण नाही. नाक्यावर असतो तर या गाडीला हात दाखवून थांबवलंच नसतं.

परवा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आहे. सीट पुढे ओढलेली आहे, गुडघे अडकतील. तिथेच बसून पाहीन, हलवायची गरज पडेलसं वाटत नाही.

१ ऑगस्ट

पाहुणे आले. अंगणात पंधरा पातेली. मासेगो आली. गाडीभोवती एक फेरी मारली, दिव्यावरचं कापड पाहिलं, विचारलं, हे काय? मी म्हणालो, सजावट. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली.

२ ऑगस्ट, शनिवार

पहाटे माझ्या म्हाताऱ्या मामाने डोकं भादरलं, बाहीवरची पट्टी कापून जाळली. प्रार्थना झाली. मग सगळे गाडीकडे वळले.

बैल आणायला हौद्यात चौघे चढले, रा-ओलोरातो दोरखंड घेऊन उभा. मी ड्रायव्हरच्या सीटवर. गुडघे अडकले. पाचव्या वेळी इंजिन लागलं. बायकांनी ललकारी दिली, चर्चच्या बायकांनी गाणं धरलं. फाटकातून बाहेर. डावीकडे चावडी. वेग चांगला होता. शाळेच्या चढावर गाडीने दोन हिसके दिले, पांढरा धूर सोडला आणि थांबली. पुन्हा किल्ली. पुन्हा. मग किल्ली फिरवली तरी काही आवाज येईना.

हौद्यातले चौघे उतरले. रा-ओलोरातो घरी गेला आणि त्याची चार गाढवं घेऊन आला. बैलासाठी आणलेला दोरखंड गाडीच्या पुढच्या बाजूला बांधला. मी आतच होतो, स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं. चावडीवरून जाताना ते दोन्ही म्हातारे उठून उभे राहिले. एक म्हणाला, आता ही गाडीही नाही आणि गोठाही नाही. ही गाढवगाडी! गाणं थांबलेलं नव्हतं. गाण्यात चढ चढण्याची एक ओळ होती, ती बायका गाढवांच्या चालीवर म्हणत होत्या.

फाटकात मासेगो उभी होती. तिने दार उघडलं, वाकून दिव्यावरचं कापड उपटलं. दिवा पिवळा, चालूच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. दाराला धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबली नाही. वर्षभरात पहिल्यांदा हसली. मग आत निघून गेली.

जेवणाला बैलाऐवजी बकऱ्या कापल्या. कुणी उपाशी राहिलं नाही.

३ ऑगस्ट

मासेगो शब्दाची पक्की आहे, आईसारखी. गाडी विकायची ठरली. रा-ओलोरातो म्हणाला, गाडीने दगा दिला, गुरांनी नाही, गुरं माझ्याजवळ राहतील. आणि हा तुझा बाप, रा-मासेगोसुद्धा. शनिवारी माझ्या गाढवगाडीतून तळावर येईल. बाल्कनीत बसून तो काय करणार, खालच्या गाड्यांची चाकं मोजणार? मासेगो विचारात पडली. मग म्हणाली, नाताळपर्यंत पाहू.

मी म्हणालो, गाडी एकदा दुरुस्त करून... दोघांनी एकदमच नाही म्हटलं.

६ ऑगस्ट

शोशाँगमध्ये कुणी गाडी घेईना. सगळ्यांनी गाढवं पाहिलेली. पालाप्येचा एक जण आला. मासेगोने त्याला सगळं खरं सांगितलं, डिझेलमधलं पाणी, धुतलेला फिल्टर, सगळं. तो ऐकत ऐकत गाडीखाली वाकला. म्हणाला, इंजिन मी खोलेन, पण इतकी स्वच्छ गाडी मी जन्मात पाहिली नाही.

मासेगोने हे ऐकलं. मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही.

तो ट्रकला बांधून घेऊन गेला. त्याआधी मी सीट मागे सरकवून दिली. उंच माणूस होता.

९ ऑगस्ट, शनिवार

रा-ओलोरातोबरोबर गाढवगाडीतून तळावर. सकाळी निघालो, पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. वाटेत ठरवलं होतं की गुरं आपण स्वतः बोलवायची. दुखवटा संपला, आता आवाज चढवायला हरकत नाही.

गव्हाणीजवळ उभा राहिलो. हाक मारली. झुडपांत गुरं दिसत होती, मासेगोच्या आईच्या खुणेची, डावा कान चिरलेली, ओळखू येत होती. एकीनेही मान वर केली नाही. पुन्हा मारली, जोरात. शिट्टीही वाजवली.

रा-ओलोरातो म्हणाला, आवाज कशाला बसवून घेतोस? ती माणसाच्या हाकेला येत नाहीत. म्मा-मासेगोने कधी हाक मारली होती? पिकअपचा आवाज आला की आपोआप यायची, अर्ध्या मैलावरून. त्यांना ते इंजिन माहीत आहे, तू नाहीस.

मी म्हणालो, हळूहळू होईल. या आठवड्यात एक पद्धत बसवतो.

एक गाढव सुटलं होतं, तो त्याच्या मागे गेला. मी गुरांसाठी आणलेल्या मिठाच्या पोत्याची शिवण उसवली, मीठ गव्हाणीत ओतलं, मोठे खडे दगडाने फोडले आणि हाताने सारखं पसरलं. गुरं होती तिथेच होती. रिकामं पोतं झटकलं, घडी केली, त्यावर बसलो.